फॅशन आणि नग्नचित्रं एकाच दालनात: छायाचित्रकाराच्या सुरुवातीच्या कामाचं प्रदर्शन कसं उभारावं

एकाच छायाचित्रकाराचे फॅशनचे फोटो आणि नग्नचित्रं मांडायची असली की बहुतेक आयोजक सोपा मार्ग घेतात. कपड्यांतले फोटो बाहेरच्या मोठ्या दालनात लागतात, नग्नचित्रं आतल्या खोलीत जातात आणि दाराला पडदा लागतो. असं केलं की फॅशन हा पोटापाण्याचा धंदा आणि नग्नचित्र ही चोरून पाहायची गोष्ट, असा निकाल प्रेक्षक आत शिरायच्या आधीच लागलेला असतो. खरं तर दोन्ही कामांत प्रकाश, पवित्रा आणि चौकटीचा विचार एकाच माणसाचा असतो. ते दिसायचं असेल तर दोन्ही एकमेकांशेजारी लागली पाहिजेत, आणि त्यासाठी प्रिंट निवडण्यापासून खिळा ठोकण्यापर्यंतची तयारी वेगळी करावी लागते. खालची उदाहरणं प्रामुख्यानं हेल्मुट न्यूटन आणि अर्व्हिंग पेन या फॅशन छायाचित्रकारांची आहेत, कारण या बाबतीत दोघं अगदी दोन टोकांना आहेत.

कालखंड आधी आखा

प्रदर्शनाच्या किमान वर्षभर आधी एक तक्ता करा. प्रत्येक फोटोसमोर दोन तारखा लिहा: निगेटिव्ह कधीचं, आणि फोटो लोकांसमोर पहिल्यांदा कधी आला. या दोन तारखांमधलं अंतरच पुढे प्रदर्शनाचा कणा ठरतं.

न्यूटनचा जन्म १९२० चा, बर्लिनचा. १९३६ ते १९३८ तो ईव्हा या नावानं काम करणाऱ्या छायाचित्रकार एल्झे नॉयलेंडर-सिमोन यांच्या स्टुडिओत उमेदवारी करत होता. डिसेंबर १९३८ मध्ये ज्यू म्हणून त्याला जर्मनी सोडावी लागली. सिंगापूरमार्गे तो ऑस्ट्रेलियात पोचला आणि युद्धानंतर मेलबर्नच्या फ्लिंडर्स लेनमध्ये त्यानं स्टुडिओ थाटला. १९६१ मध्ये पॅरिसला स्थायिक होऊन तो ‘व्होग’ या फॅशन मासिकाच्या फ्रेंच आवृत्तीसाठी नियमित काम करू लागला. मात्र ‘व्हाइट विमेन’ हे त्याचं पहिलं पुस्तक आलं ते १९७६ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी. म्हणजे सुरुवातीच्या कामाची रेघ १९६० ला मारली तर फॅशन भरपूर मिळेल, पण ज्या नग्नचित्रांनी त्याचं नाव झालं त्यांतलं एकही हाती लागणार नाही. न्यूटनच्या बाबतीत रेघ १९८१ पर्यंत, ‘बिग न्यूड्स’ या नग्नचित्रमालिकेपर्यंत ओढावी लागते. ‘सुरुवातीची फॅशन’ आणि ‘सुरुवातीची नग्नचित्रं’ यांचे कालखंड वेगळे आहेत, हे पहिल्याच भिंतीवर स्पष्ट लिहावं.

पेनचं उलट आहे. १९४९ आणि १९५० मध्ये, ‘व्होग’ची कामं चालू असतानाच, त्यानं चित्रकारांसमोर बसणाऱ्या भरदार अंगाच्या मॉडेल्सची नग्नचित्रं काढली. बहुतेकांत चेहरा नाही. पोट, मांड्या आणि कातडीच्या घड्या आहेत. १९५० मध्येच त्यानं पॅरिसच्या उंची पोशाखांचे ते प्रसिद्ध फोटो काढले. नग्नचित्रं मात्र १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत पहिल्यांदा नीट मांडली गेली आणि मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं ते २००२ मध्ये. पेनच्या प्रदर्शनात ही तीस वर्षांची शांतता दाखवायलाच हवी. १९५० चा पॅरिसचा पोशाख आणि त्याच वर्षाची नग्नाकृती शेजारी लावली की वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

न्यूटनची सुरुवात करताना ईव्हाचे तीन-चार फोटो मिळवायचा प्रयत्न जरूर करा. फॅशन, नृत्य आणि एकाच निगेटिव्हवर अनेकदा प्रकाश घेऊन केलेल्या रचना ही तिची खासियत. १९४२ मध्ये नाझींनी तिला हद्दपार करून ठार केलं. स्त्रीला नाट्यपूर्ण प्रकाशात उभं करण्याचे पहिले धडे त्यानं तिच्या हाताखाली घेतले, आणि हे सांगितल्याशिवाय त्याची गोष्ट सुरू करणं अन्यायाचं होईल.

प्रिंट निवडताना

एकाच निगेटिव्हची तीन प्रकारची प्रिंट बाजारात आणि संग्रहांत असतात: फोटो काढल्यानंतर काही वर्षांत केलेली व्हिंटेज प्रिंट, छायाचित्रकाराच्या हयातीत पण उशिरा केलेली, आणि मृत्यूनंतरची. सुरुवातीच्या कामाच्या प्रदर्शनात व्हिंटेज प्रिंटला पहिली पसंती. पण पाहून फक्त वर्ष लिहू नका, तपासा.

अंधाऱ्या खोलीत अतिनील टॉर्च कागदाच्या कडेवर तिरका धरा. साधारण १९५० च्या दशकापासून फोटोच्या कागदात पांढरेपणा वाढवणारी रसायनं आली आणि ती या प्रकाशात निळसर-पांढरी चमकतात. १९४९ चं म्हणून आलेलं प्रिंट लख्ख चमकलं तर ते बहुधा नंतर केलेलं आहे. उलटा निष्कर्ष मात्र काढू नका. न चमकणारे कागद पुढेही बनत होते. टॉर्च काही सेकंदच वापरा.

मग मागची बाजू पाहा. स्टुडिओचा शिक्का, मासिकाचा शिक्का, कातर कुठे मारायची त्याच्या पेन्सिलच्या रेघा, ‘पूर्ण पान’ अशा सूचना: हे सगळं छापखान्याच्या वाटेवर गेलेल्या प्रिंटचं लक्षण आहे. असं प्रिंट कोपऱ्यात दुमडलेलं, रिटच केलेलं असलं तरी फॅशन विभागात तेच घ्या. जमलं तर एखादं दोन्ही बाजूंनी दिसेल अशा काचेच्या उभ्या चौकटीत लावा. काठांवर आरशासारखी चंदेरी झाक दिसली तर घाबरू नका. ती जुन्या सिल्व्हर जिलेटिन प्रिंटमध्ये (जिलेटिनच्या थरात चांदीचे कण असलेलं कृष्णधवल प्रिंट) चांदी पृष्ठभागावर आल्यामुळे येते. ती पुसायला जाऊ नका, फक्त स्थिती-अहवालात नोंदवा.

स्थिती-अहवाल प्रत्येक प्रिंटचा दोनदा: खोक्यातून काढल्यावर आणि परत भरताना. दिवा एका बाजूनं जवळजवळ सपाट धरून फोटो घ्या. ओरखडे, फुगवटे, जिलेटिनच्या भेगा त्याशिवाय दिसत नाहीत. हातात पावडर नसलेले नायट्राइलचे हातमोजे. सुती मोज्यांत पकड सुटते आणि धागा अडकून कोपरा मोडतो.

छापील पान विसरू नका

फॅशनचा फोटो जन्माला येतो तो पानासाठी. म्हणून मासिकाचा अंक हा पुरावा आहे, सजावट नाही. न्यूटनचा ‘र्यू ओब्रिओ’ (पॅरिस, १९७५) घ्या: रात्रीची अरुंद गल्ली, फॅशन डिझायनर ईव्ह सँ लोराँचा पुरुषी धाटणीचा सूट, हातात सिगारेट. त्याच गल्लीत त्याच प्रकाशात त्यानं दुसरं चित्रही काढलं, ज्यात सूटमधल्या स्त्रीला खेटून एक विवस्त्र स्त्री उभी आहे. मासिकाचं पान आणि ही दोन प्रिंट अशी तिन्ही एका नजरेच्या टप्प्यात ठेवा. प्रेक्षकाला संपादकानं काय घेतलं आणि छायाचित्रकारानं आणखी काय पाहिलं होतं, हे दोन्ही कळतं.

अंक पेटीत ठेवताना तो सपाट उघडू नका. पाठकण्याला आधार देणाऱ्या पाळण्यात १०० ते १२० अंशांइतकाच उघडा. पान दर महिन्याला बदला, नाहीतर एकच पान पिवळं पडतं. एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या) पेट्या टाळा. त्यातून निघणारी आम्लं बंद पेटीत साठतात आणि फोटो तपकिरी पडतात. पर्याय नसेल तर आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली फॉइल लावून घ्या.

कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे फिल्मवरच्या सगळ्या चौकटी मूळ आकारात एकत्र छापलेला कागद, मिळाली तर सोडू नका. १२० फिल्मवरच्या सहा बाय सहाच्या बारा चौकटी पाहताना कपडे कधी उतरले, मॉडेल कधी कंटाळली, निवडलेली चौकट कितवी, हे सगळं उघड होतं. तिच्याशेजारी भिंग ठेवा.

आकार हा मजकुराचाच भाग

इथे सर्वांत जास्त घोटाळे होतात. भिंत मोठी म्हणून प्रिंट मोठं करणं, किंवा वाहतूक स्वस्त पडावी म्हणून लहान करणं, दोन्ही चूक.

‘बिग न्यूड्स’ माणसाच्या उंचीची आहेत. अतिरेक्यांच्या शोधासाठी जर्मन पोलिसांनी केलेल्या पूर्णाकृती फोटोंवरून न्यूटनला ही कल्पना सुचली. पांढऱ्या पार्श्वभूमीवर टाचांचे बूट घातलेली स्त्री तुमच्याएवढी किंवा तुमच्यापेक्षा उंच उभी राहते आणि खाली बघते. हेच चित्र ४० सेंटिमीटरवर आणलं तर धाक संपतो आणि फक्त नग्नता उरते. बर्लिनच्या येबेन्सश्ट्रास रस्त्यावरच्या म्युझियम फ्युर फोटोग्राफीत, जिथे न्यूटनची संस्था २००४ पासून आहे, ही चित्रं जिन्याच्या दालनात वर लावलेली आहेत. पायऱ्या चढताना ती अंगावर येतात, आणि इमारत एके काळी लष्करी अधिकाऱ्यांचा क्लब होती हे लक्षात घेतलं की ही जागा किती नेमकी निवडली आहे ते पटतं. तुमच्याकडे पूर्णाकृती प्रिंट येणार असेल तर समोर किमान ३ मीटर मोकळी जागा आणि दोन्ही बाजूंना १ मीटर रिकामी भिंत ठेवा.

पेनची नग्नचित्रं याच्या अगदी उलट, साधारण ४० सेंटिमीटरच्या आतली. तो कागदाला अतोनात प्रकाश देऊन प्रिंट काळंठिक्कर होऊ द्यायचा आणि मग ब्लीच करून पुन्हा डेव्हलप करायचा. त्यामुळे कातडी खडूसारखी फिकट होते, रेषा मात्र धरून राहते. हे मोठं केलं की विरून जातं. शिवाय झगझगीत पांढऱ्या भिंतीवर त्यांचा कागद मळकट दिसतो. हलकी राखाडी भिंत निवडा.

न्यूटनची ‘झी कोमेन’ ही १९८१ ची जोडी हा आकार आणि अंतर या दोन्हींचा धडा आहे. चार मॉडेल्स आपल्याकडे चालत येतात, एकदा पोशाखात, एकदा फक्त टाचांच्या बुटांत, जवळजवळ त्याच पावलात. दोन्ही प्रिंट एकाच मापाची, एकाच उंचीवर, मध्ये १० सेंटिमीटरपेक्षा जास्त फट नको. समोरासमोरच्या भिंतींवर लावली तर फुकट गेली, कारण डोळ्याला एकेक बाई या चित्रातून त्या चित्रात जुळवत जाता आलं पाहिजे.

माउंट, फ्रेम आणि हवा

प्रिंट कशालाही चिकटवू नका. चारही कोपऱ्यांना पॉलिस्टर किंवा आम्लरहित कागदाचे कोपरे, वर खिडकी कापलेला कापसाच्या लगद्याचा बोर्ड. साधा चार थरांचा बोर्ड सुमारे १.५ मिलिमीटर असतो. मोठ्या किंवा बाक आलेल्या प्रिंटला आठ थरांचा, सुमारे ३ मिलिमीटरचा घ्या. हे अंतर महत्त्वाचं, कारण दमट हवेत जिलेटिन फुगून काचेला चिकटतं आणि मग सुटताना थर घेऊन येतं. बोर्ड फोटो-अ‍ॅक्टिव्हिटी चाचणी (बोर्डाचा फोटोवर रासायनिक परिणाम होतो का, ते पाहणारी) पार केलेला असावा. नुसतं ‘अ‍ॅसिड-फ्री’ पुरेसं नाही. व्हिंटेज प्रिंटची खिडकी कागदाच्या कडेपासून थोडी बाहेर कापा, म्हणजे पूर्ण कागद दिसतो.

न्यूटनच्या फ्लॅशच्या प्रकाशातल्या प्रिंटमध्ये गर्द काळे भाग मोठे असतात. साध्या काचेत तिथे प्रेक्षकाला स्वतःचाच चेहरा दिसतो, आणि नग्नचित्रासमोर ते फार खटकतं. परावर्तन कमी करणारी काच किंवा अ‍ॅक्रिलिक वापरा. मोठ्या फ्रेमला वजनामुळे अ‍ॅक्रिलिकच. ते पुसायला अमोनियाचा काच-क्लीनर वापरला तर पृष्ठभाग कायमचा धुरकट होतो. स्वच्छ पाणी आणि मऊ मायक्रोफायबर पुरे.

भिंतींना ऑइल पेंट नको. सुकताना निघणारी पेरॉक्साइडं चांदीवर परिणाम करून लालसर-पिवळे डाग पाडतात. पाण्यातला इमल्शन लावा आणि दोन-तीन आठवडे हवा खेळू द्या.

तापमान १८ ते २१ अंश सेल्सियस आणि सापेक्ष आर्द्रता ३० ते ५० टक्के हे लक्ष्य ठेवा. मुंबई, कोकण किंवा गोव्यात असं प्रदर्शन करणार असाल तर जून ते सप्टेंबर टाळणंच शहाणपणाचं. त्या काळात दिवसा एसी आणि रात्री बंद, असा खर्च वाचवायचा प्रकार सर्वांत घातक: आर्द्रता रोज वर-खाली होते, जिलेटिन ताणतं आणि आकसतं, आणि ६५ टक्क्यांच्या वर बुरशीला वाव मिळतो. एसी चोवीस तास, प्रत्येक दालनात नोंद ठेवणारा लॉगर, आणि बाहेरून आलेला खोका उघडण्याआधी २४ तास दालनातच ठेवायचा.

प्रकाशाचा हिशेब

रंगीत प्रिंट, मासिकं आणि जुनी नाजूक प्रिंट यांना ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप), फायबर कागदावरच्या, म्हणजे प्लॅस्टिकचा थर नसलेल्या कागदावरच्या, सुस्थितीतल्या कृष्णधवल प्रिंटना फार तर १०० लक्स. अतिनील किरणांचं प्रमाण प्रति ल्युमेन ७५ मायक्रोवॉटच्या खाली. मीटर फ्रेमच्या पृष्ठभागावर, वर, मध्ये आणि खाली धरून मोजा. पूर्णाकृती प्रिंटच्या डोक्याशी १२० आणि पायाशी ४० असं हमखास निघतं.

नुकसान साचत जातं, म्हणून एकूण मात्रा काढा. आठवड्याला ६ दिवस, रोज ८ तास, १३ आठवडे, ५० लक्स: ३१,२०० लक्स-तास. प्रिंट उसनी देणारी संस्था हाच आकडा विचारते. साफसफाईच्या वेळी दालनाचे मोठे दिवे लागत असतील तर तेही यात धरा.

५० लक्समध्ये चित्र अंधारं वाटतं अशी तक्रार येतेच. दिवा वाढवू नका. त्याऐवजी आधीच्या दालनाचा उजेड टप्प्याटप्प्यानं कमी करा, म्हणजे डोळे सरावतात.

भिंतीवर

आधी जमिनीवर मांडा, दोन दिवस तसंच राहू द्या, मगच भिंत मोजा. ४० मीटर भिंतीतून दारं आणि मजकुराचे ४ मीटर वजा करा. सरासरी ६० सेंटिमीटर रुंद फ्रेम आणि ४० सेंटिमीटर फट धरली तर ३६ चित्रं बसतात. जास्त कोंबू नका. जोड्यांमध्ये फट कमी आणि गटांमध्ये जास्त हवी असल्यानं प्रत्यक्षात ३० च्या आसपास थांबावं लागतं.

चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटर. तारेच्या फ्रेमसाठी हुकची उंची अशी काढा: मध्याची उंची, अधिक फ्रेमची अर्धी उंची, वजा ताणलेली तार ते फ्रेमची वरची कड हे अंतर. ६० सेंटिमीटर उंच फ्रेम आणि ८ सेंटिमीटर अंतर असेल तर १५० + ३० − ८ = १७२. मौल्यवान प्रिंट मात्र तारेवर टांगू नका. दोन कुलपी पट्ट्या लावा.

दारात सूचना एकच, साध्या भाषेत: आत नग्नचित्रं आहेत. पडदा नको, पण ज्यांना एखादी भिंत टाळायची आहे त्यांना वळसा घालून पुढे जाता येईल असा मार्ग ठेवा. शाळेचे गट येणार असतील तर हाच मार्ग कामी येतो.

लेबलवर निगेटिव्हचं वर्ष आणि प्रिंटचं वर्ष दोन्ही वेगवेगळी लिहा, प्रक्रिया, चित्राचं माप, कुणाच्या संग्रहातून. पोशाख कुणाचा ते जसं लिहिता तसंच मॉडेलचं नावही लिहा: ‘र्यू ओब्रिओ’मध्ये विबेके क्नुडसेन. फॅशनच्या लेबलवर शिंप्याचं नाव असतं आणि शरीर जिचं तिचं नसतं, ही जुनी खोड आहे. नाव ठाऊक नसेल तर ‘मॉडेल: नोंद नाही’ असं लिहा, जागा गाळू नका. फोटोच्या वेळी मॉडेल सज्ञान होती याची खात्री होत नसेल तर ते नग्नचित्र प्रदर्शनात घ्यायचंच नाही. यात तडजोड नाही.

टीकेलाही भिंतीवर जागा द्या. १९९३ मध्ये ‘एमा’ या जर्मन स्त्रीवादी मासिकानं न्यूटनच्या चित्रांवर कडक लेख छापला आणि सोबत त्याचे फोटोही छापले. त्यावर प्रकाशकानं कॉपीराइटचा दावा लावला आणि तो जिंकला. आक्षेप काय होता हे प्रेक्षकाला कळू द्या, आणि स्वतःच्या माहितीपत्रकात चित्रं छापताना लेखी परवानगी घ्या. भारतात छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. न्यूटन २००४ मध्ये गेला, म्हणजे २०६४ अखेरपर्यंत.

इथे आणायचं असेल तर

परदेशातून नग्नचित्रं मुंबईत आणताना खरी अडचण सीमाशुल्क विभागात येते. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा आणि अकबर पदमसी यांच्या सात कलाकृती मुंबईच्या सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी अश्लील ठरवून जप्त केल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. या निकालाची प्रत खोक्यासोबतच्या कागदांत ठेवा. शिवाय प्रत्येक चित्राची माहिती, ते आधी कोणत्या संग्रहालयांत लागलं त्याची यादी आणि क्युरेटरचं एक पानी टिपण जोडा. हे सगळं माल निघायच्या आधी सीमाशुल्काचं काम पाहणाऱ्या दलालाकडे पोचलं पाहिजे. माल अडकल्यावर कागद जमवायला गेलात तर दरम्यान प्रिंट बिनएसीच्या गोदामात पडून राहतात.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९४ अश्लीलतेबद्दल आहे आणि कलेच्या हेतूसाठी त्यात अपवाद आहे. २०१४ च्या अवीक सरकार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं नुसतं नग्न चित्र म्हणजे अश्लील नव्हे, समकालीन समाजाच्या मापानं आणि संदर्भासह पाहायचं, असं म्हटलं. संदर्भ हा शब्द आयोजकानं गांभीर्यानं घ्यावा: भिंतीवरचा मजकूर, मासिकाची पानं, तारखा, हाच तुमचा संदर्भ. म्हणून रस्त्यावरच्या फलकासाठी नग्नचित्र तोडून वापरू नका; तिथे फॅशनचा फोटो लावा. पदमसींवर १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतल्या दोन चित्रांवरून खटला झाला आणि ते सुटले, पण खटला चालवावा लागलाच. वकील आणि स्थानिक पोलीस ठाण्याशी बोलणं उद्घाटनाच्या आधी उरकलेलं बरं.

उतरवताना

शेवटच्या दिवशी घाई होते आणि कोपरे तेव्हाच मोडतात. दिवसाला १० ते १२ फ्रेमपेक्षा जास्त उतरवू नका. प्रत्येक प्रिंटचा पहिला अहवाल समोर ठेवून तुलना करा, लॉगरच्या नोंदी आणि लक्स-तासांचा आकडा त्याच पानावर लिहा आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. विमा भिंतीवरून काढल्यापासून मालकाच्या भिंतीवर किंवा कपाटात परत जाईपर्यंतचा असावा, फक्त प्रवासाचा नको. रंगीत प्रिंट परत गेल्यावर काही वर्षं अंधारात ठेवायची अट बहुतेक करारांत असते. तुम्ही लिहिलेला आकडा त्यांना पुढच्या प्रदर्शनाला ‘हो’ की ‘नाही’ म्हणायचं ते ठरवायला लागतो.